अब्राहम म्हणजे ब्रह्मा? नोहा म्हणजे मनू? काकांच्या फॉरवर्डचं काय करायचं

खारा_दाणा
परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर धाकट्या काकांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. बायबलमधला अब्राहम म्हणजे ब्रह्मा, त्याची बायको सारा म्हणजे सरस्वती, नोहा म्हणजे मनू (आणि 'नोहा' हा शब्दच मुळात 'नौका'वरून आलेला), आणि शेवटी नेहमीचं, 'हे तुम्हाला शाळेत कुणी शिकवणार नाही'. एरवी मी असलं काही वाचत नाही, अंगठा दाखवून पुढे जातो. पण ह्यावेळी घोळ झाला. भाची अकरावीत आहे, ती रात्री जेवताना म्हणाली, मामा, बाकीचं सोड पण मनू-नोहा तरी खरं वाटतंय की, दोघांनाही पूर येणार हे आधी कळलं, दोघंही होडीत बसले, दोघांचीही होडी डोंगराला लागली.
आणि मला उत्तरच देता येईना. अब्राहम-ब्रह्मा फालतू आहे असं आतून वाटतं पण का फालतू ते सांगता येत नाही, आणि मनू-नोहा थोडं पटतं पण का पटतं तेही सांगता येत नाही. शेवटी 'आमटी वाढ' म्हणून विषय बदलला.
तर जाणकारांनो, असल्या जोड्या लावताना धरायचं काय? नाव, गोष्ट, की आणखी काही? राजकारण नको प्लीज, मागच्या धाग्याचं काय झालं ते आठवतंय सगळ्यांना.

निवांत_नाना
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

पाटा_वरवंटा
व्हॅटिकन म्हणजे वाटिका आणि ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती हे राहिलं का काकांचं? की पुढच्या भागात?

खारा_दाणा
ते मागच्या दिवाळीत येऊन गेलं.

शब्दवेडी
अब्राहमचं आधी उरकते कारण ते सोपं आहे. मूळ हिब्रू नाव अब्राम. त्यात 'अब' म्हणजे बाप, आपल्याला 'अब्बा'मधून माहीत असलेलाच, आणि 'राम' म्हणजे उंच, थोर. म्हणजे 'थोर पिता'. ब्रह्मा येतो बृह् धातूवरून, वाढणे, मोठं होणे, बृहत् त्यातलाच. शब्दाची फोडच वेगळ्या जागी होते. एकात 'अब' हा अख्खा शब्द आहे, दुसऱ्यात 'ब' आणि 'र' एकाच धातूतले. साराचा अर्थ राजकन्या, सरस्वती म्हणजे सरस् असलेली, पाण्याची. आणि बायबलमध्ये नोहाच्या जहाजाला शब्द आहे 'तेवा', नौकेशी त्याचा काडीचा संबंध नाही. 'नोहा'च्या धातूचा अर्थ विसावणे.
नुसता उच्चार जुळण्यावर जाऊ नका हो. फारसीत 'बद' म्हणजे वाईट आणि इंग्रजीत 'बॅड' म्हणजेही वाईट, उच्चार तोच, अर्थ तोच, आणि तरी दोन्ही शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. निव्वळ योगायोग.

पाटा_वरवंटा
थांबा थांबा. अब-राम?? काकांना हे कळू देऊ नका.

निवांत_नाना
😂 खलास. आता रामायण इराकात घडणार.

शब्दवेडी
मी का लिहिलं ते.
बरं, आता ह्याच्या उलटी बाजू बघा, ती जास्त मजेशीर आहे. सरस्वतीची खरी बहीण आहे, पण ती सारा नाही. आपल्या 'स'चा इराणी भाषांमध्ये 'ह' होतो. सिंधूचं हिंदू झालं ते सगळ्यांना माहीत असतं. सप्तचं हप्त होतं, म्हणून सात दिवसांचा तो हप्ता, आणि आपण महिन्याला भरतो त्यालाही हप्ताच म्हणतो. त्याच नियमाने सरस्वतीचं अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, होतं हरह्वती. कंदाहारच्या बाजूच्या मुलखाचं नाव, ग्रीकांनी त्याचं अराखोशिया केलं. सरस्वती आणि अराखोशिया, कानाला काही तरी जुळतंय का? नाही ना? पण नातं सख्खं, कारण तो 'स' फक्त एका शब्दात बदलत नाही, शेकडो शब्दांत तसाच बदलतो.
थोडक्यात तोंडावळा बघून सोयरीक जुळवू नये, गोत्र विचारावं.

सदाशिव_पेठी
शब्दवेडीताई, सगळं मान्य, पण मग वेदातला द्यौस् पितर आणि ग्रीकांचा झ्यूस पातेर आणि रोमनांचा ज्युपिटर? तिथे तर तोंडावळाही जुळतो आणि तुम्ही लोक ते मान्य करता. आपलं ते संशोधन आणि काकांचं ते फॉरवर्ड असं नको.

शब्दवेडी
रास्त प्रश्न. तिथे नुसतं नाव नाही, 'पिता' हे बिरुद सुद्धा त्याच्याच मागे लागून आलंय, अर्थ तोच (आकाश), आणि नियमही तेच लागू होतात. पण त्यातली गंमत अशी की वेदांत द्यौस् जवळजवळ रिटायर झालेला आहे. पृथ्वीबरोबर जोडीने नाव येतं, द्यावापृथिवी, पण वज्र आणि पराक्रम सगळा इंद्राकडे. ग्रीकांकडे तोच म्हातारा अजून गादीवर बसून विजा फेकतोय. म्हणजे नाव एक असलं तरी नोकरी एक असेलच असं नाही.

सदाशिव_पेठी
हे पटलं. (नोंद घ्या, मी सहसा असं लिहीत नाही.)

कृष्णाकाठची
मी सांगलीची. मनू-नोहाबद्दल माझं मत साधं आहे. जिथे नदी तिथे पूर, जिथे पूर तिथे गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या घरात माडीच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी होतं, आजही भिंतीवर दोन रेघा आहेत, एक २००५ ची खडूने मारलेली आणि तिच्या बरीच वर २०१९ ची, ती ऑइलपेंटने, कारण सासरे म्हणाले आता ह्याच्या वर काही येत नाही. त्या आठवड्यात आम्ही बोटीतून बाहेर पडलो तेव्हा सासूबाईंनी काय घेतलं असेल? देव, कागदपत्रांची पिशवी आणि बियाण्याच्या शेंगांचं गाठोडं. आता माझा मुलगा ती गोष्ट मित्रांना सांगतो तेव्हा पाणी आठव्या पायरीला पोचलेलं असतं. अजून शंभर वर्षांनी ते डोंगराला टेकेल.
त्याला कुठल्या नोहाकडून ऐकायची गरज नाही.

खारा_दाणा
कृष्णाकाठची, शेंगांचं गाठोडं वाचून काटा आला. मनूच्या होडीत पण बियाणं असतं ना?

दगडोबा
हो आणि नाही. पुराणांत आणि महाभारतात असतं, सप्तर्षी पण असतात. पण सगळ्यात जुनी गोष्ट शतपथ ब्राह्मण ह्या वैदिक ग्रंथात आहे, आणि ती फार वेगळी आणि मला विचाराल तर फार गोड आहे. 'मनवे ह वै प्रातः', सकाळी मनूला हात धुवायला पाणी आणून देतात, त्या ओंजळीत एक छोटा मासा येतो आणि म्हणतो, 'बिभृहि मा, पारयिष्यामि त्वा', मला पोस, मी तुला पार नेईन. मनू विचारतो कशातून? म्हणे पूर येणार आहे, सगळी प्रजा वाहून नेणारा. मग मासा वाढतो तसा आधी घड्यात, मग खड्ड्यात, मग समुद्रात. होडीची दोरी त्याच्या शिंगाला, आणि उत्तरेच्या डोंगरावर झाडाला होडी बांध, पण पाणी ओसरेल तसतसा हळूहळू उतर, एवढी व्यवहारी सूचना सुद्धा मासा देतो.
होडीत कोण? फक्त मनू. प्राणी नाहीत, बायको नाही, बियाणं नाही. उतरल्यावर तो पाण्यात तूप, दही, निवळी, आमिक्षा (फाटलेल्या दुधाचा चोथा) असं अर्पण करतो आणि वर्षभराने त्यातून इडा उभी राहते, तिच्यापासून पुढची प्रजा.
आणि मुख्य म्हणजे पूर का आला ह्याचं कारणच नाही. कुणी पाप केलं नव्हतं, कुणावर देव चिडला नव्हता. यायचा होता, आला. बायबलमध्ये पूर ही शिक्षा आहे. एवढा मोठा फरक असताना 'सेम टू सेम' कसं म्हणणार?

पाटा_वरवंटा
दही-तूप-निवळी. म्हणजे आपण सगळे कढीचे वंशज.

दगडोबा
पाटा, तुझा आयडी लॉक करायला हवा 😄
आता तुलनेला तिसरी गोष्ट घ्या. इराकातल्या निनेवेच्या अश्शुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या मातीच्या विटा ब्रिटिश म्युझियममध्ये पडून होत्या. जॉर्ज स्मिथ नावाचा माणूस, मूळचा बँकेच्या नोटांचे ठसे कोरणारा कारागीर, जेवणाच्या सुट्टीत म्युझियममध्ये जाऊन जाऊन ती लिपी शिकला. १८७२ मध्ये त्याला गिल्गमेश राजाच्या बाबिलोनी कथेतली अकरावी वीट वाचताना डोंगराला लागलेलं जहाज आणि परत आलेलं कबुतर सापडलं. सांगतात की तो खोलीभर धावत सुटला आणि कपडे काढायला लागला. त्या गोष्टीतला पुरातून वाचलेला उतनपिश्तिम कबुतर सोडतो, पाकोळी सोडते, मग कावळा, कावळा परत येत नाही म्हणजे जमीन उघडी पडली. बायबलमध्ये नोहा कावळा आणि कबुतर सोडतो. हे 'पूर सगळीकडे येतात'ने सुटत नाही, इतका बारीक तपशील योगायोगाने जुळत नाही, तिथे एकाने दुसऱ्याची गोष्ट ऐकलेली आहे. मनूच्या गोष्टीत पक्षी नाहीत, बाबिलोनच्या गोष्टीत मासा नाही.
म्हणून माझा हिशोब: नोहा-उतनपिश्तिम पक्कं, मनू-नोहा संशयास्पद.

कृष्णाकाठची
पाकोळी सोड'तो'. पण बाकी छान.

दगडोबा
दुरुस्ती मान्य, मोबाईलवरून टंकतोय.

तळ्यात_मळ्यात
संशयास्पद म्हणून सोडू नका. ऋग्वेदात पुराची गोष्ट नाही, ती शतपथात पहिल्यांदा दिसते. मग मधल्या काळात कुठून तरी आली असं का म्हणू नये? मेसोपोटेमियाशी आपल्याकडचा व्यापार तर फार जुना, त्यांच्या कागदपत्रांत (मातीपत्रांत म्हणा) मेलुह्हाचं (बहुधा आपला सिंधूकाठचा मुलूख) नाव येतं, मेलुह्हाच्या भाषेच्या दुभाष्याची मुद्रा सुद्धा सापडली आहे. दुभाष्या आला म्हणजे गप्पा आल्या, गप्पा आल्या म्हणजे गोष्टी आल्या.

दगडोबा
दुभाष्याची मुद्रा शतपथाच्या हजारेक वर्षं आधीची आहे हो. गोष्ट आली असेलही, मी नाही म्हणत नाही. पण 'येऊ शकते' आणि 'आली' ह्यात अंतर आहे. बाकी बाबिलोनच्याच अत्राहासिसच्या गोष्टीतलं पुराचं कारण ऐका, माणसांचा इतका कलकलाट वाढला की एन्लिल देवाची झोप मोडायला लागली.

निवांत_नाना
आमच्या सोसायटीतल्या डीजेवाल्यांना हे दाखवतो.

रुस्तुम_नव्हे
मनूच्या घरातला एक माणूस कुणी आणला नाही अजून. मनू विवस्वानाचा मुलगा. यम पण विवस्वानाचा मुलगा, म्हणजे भाऊ. इराणी बाजूला हाच यम आहे यिम, विवंघवंताचा मुलगा, आणि तो मेलेल्यांचा राजा नाही, सुवर्णयुगातला राजा आहे. वेंदिदाद ह्या पारशी ग्रंथामध्ये अहुर मज्दा देव त्याला आधी सूचना देतो की भयंकर हिवाळा येणार आहे, मोठं कुंपण बांध, 'वर' असा शब्द आहे त्याला, आणि त्यात माणसांची, गुराढोरांची, झाडांची उत्तम बीजं आणून ठेव. पुराच्या जागी बर्फ, होडीच्या जागी वाडा. आणि वाचवणारा मनूचा सख्खा भाऊ!
ह्या यिमला 'तेजस्वी' अशा अर्थाचं 'क्षएत' बिरुद लागून फारसीत झाला जमशेद. शेजारच्या पारशी काकू २१ मार्चला शेवया पाठवतात तो जमशेदी नवरोज त्याच्या नावाचा.

पाटा_वरवंटा
एक मिनिट. जमशेद म्हणजे यम. मग जमशेदपूर म्हणजे...

निवांत_नाना
यमपुरी 🤣🤣 आमचे मेहुणे तिथे बत्तीस वर्षं नोकरी करून आले, ते हेच म्हणायचे.

रुस्तुम_नव्हे
गाव जमशेटजी टाटांच्या नावाचं, पण हो, व्युत्पत्तीने तसंच 😄 आणि बघा ना, यम-जमशेद हे फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. खरं आहे म्हणूनच बहुतेक.

मुळा_मोदक (टोकियो)
चर्चा सगळी मेलेल्या पुराव्यांवर चालली आहे, मी जिवंत सांगते. सरस्वती इथे बेंझाइतेन म्हणून आहे. हातात वीणेऐवजी बिवा हे इथलं तंतुवाद्य, जागा कायम पाण्याच्या कडेला, आणि विद्येबरोबर पैशाचं खातंही तिच्याकडे. कामाकुराला झेनिआराई बेंतेन म्हणून देऊळ आहे, बोगद्यातून आत जायचं, गुहेत झरा आहे, बांबूच्या टोपलीत नोटा-नाणी ठेवून पळीने पाणी घालून धुवायची, पैसे वाढतात म्हणे. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी पर्समधली शंभराची भारतीय नोट पण धुवून घेतली, आणि मग रुमालात दाबून हॉटेलात हेअर ड्रायरने वाळवली.
गणपती पण आहे, कांगितेन. दोन हत्तीमुखी आकृती मिठीत, मूर्ती झाकलेली, दर्शन मिळत नाही. असाकुसाजवळ त्याच्या देवळात नैवेद्याला मुळे ठेवतात. पांढरेशुभ्र, हातभर लांब मुळे. माझा आयडी त्यावरूनच.
इथे कुणी आवाजावरून जोडी लावलेली नाही, सुवर्णप्रभास सूत्रात सरस्वती आहे, ते चिनीत गेलं, तिथून इकडे आलं, सगळा प्रवास लेखी आहे.

खारा_दाणा
मोदकाच्या जागी मुळा! चतुर्थीला कुणी बदल सुचवला तर आई घराबाहेर काढेल.

अष्टागर
थोडं विषयांतर. आमच्या अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू लोक मानतात की त्यांचा प्रेषित एलियाहू हन्नबी रथातून स्वर्गात जाताना तिथे टेकला, चाकाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. मलिदा करतात त्याच्या नावाने, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. लहानपणी शेजारच्या आजी द्रोणात आणून द्यायच्या, मला कित्येक वर्षं वाटायचं की हा आपल्याच गावचा कुणी देव आहे. कुणी त्याला कुणाचा अवतार म्हटलं नाही, तो एलियाहूच राहिला, फक्त पोहे खायला लागला.

सदाशिव_पेठी
विषयांतर नाही, मला तर मुद्द्याचं वाटलं.

दगडोबा
काकांसाठी एक औषध राहिलं. अठराव्या शतकाच्या शेवटी बनारसला फ्रान्सिस विलफर्ड नावाचा कंपनीचा लष्करी अधिकारी होता. त्याला संस्कृत ग्रंथांत बायबल आणि इजिप्त शोधायचं वेड. त्याने आपल्या पंडिताला आधी त्या गोष्टी सांगितल्या, आणि म्हणाला आता शोधून दे. पंडिताने 'शोधून' दिल्या. पद्मपुराणातला म्हणून उतारा मिळाला, सत्यवर्मन राजा, त्याचे तीन मुलगे शर्म, चर्म आणि ज्यापति, राजा मद्य पिऊन पडला, एक मुलगा हसला, त्याला शाप. म्हणजे नोहाचे शेम, हॅम, जाफेथ जसेच्या तसे. विल्यम जोन्ससारख्या संस्कृतच्या नावाजलेल्या अभ्यासकाने ते छापलं. पुढे विलफर्डच्या लक्षात आलं की पोथीतले मूळ शब्द खोडून नवे घातले आहेत. पंडिताला विचारलं तर तो भडकला, आणि शपथ घ्यायला दहा ब्राह्मण घेऊन आला! १८०५ मध्ये विलफर्डने सगळं छापून कबूल केलं.

तळ्यात_मळ्यात
पंडिताची काय चूक, गिऱ्हाईक मागेल ते दिलं.

शब्दवेडी
ह्याला म्हणतात आधी उत्तर, मग पुरावा. फॉरवर्डवाले फुकट करतात, त्याने निदान पगार तरी घेतला.

खारा_दाणा
मग असं एकही उदाहरण नाही का जिथे फॉरवर्डसारखं अचाट ऐकू येतं आणि तरी खरं आहे? भाचीला नुसतं 'नाही नाही' सांगायला नको वाटतं.

रुस्तुम_नव्हे
आहे की. गौतम बुद्ध ख्रिस्ती संत होता.

निवांत_नाना
काय??

रुस्तुम_नव्हे
संत जोसाफात. राजपुत्र, जन्मताच भविष्य की हा संन्यासी होणार, बाप महालात कोंडून ठेवतो, बाहेर पडतो तर रोगी आणि म्हातारा दिसतो, मग बार्लाम नावाचा साधू भेटतो आणि हा राज्य सोडतो. मध्ययुगात अख्ख्या युरोपात ही गोष्ट गाजली आणि रोमन संतांच्या यादीत त्याचा दिवस होता २७ नोव्हेंबर. नाव बघा: बोधिसत्त्व, मग बोदिसफ, अरबीत बूदासफ, तिथे 'ब' आणि 'य' ह्यांत शब्दाच्या सुरुवातीला फक्त एका ठिपक्याचा फरक, लिहिणाऱ्याने एक ठिपका जास्त दिला आणि झाला यूदासफ, मग जॉर्जियन, मग ग्रीक योआसाफ, मग लॅटिन जोसाफात. ह्यातल्या प्रत्येक पायरीची हस्तलिखितं आहेत.
आणि आपल्याकडचा धागा: सोळाव्या-सतराव्या शतकात गोव्यात दियोगो दो कूतो नावाचा पोर्तुगीज बखरकार होता. त्याने मुंबईच्या साष्टी बेटावरच्या कान्हेरी लेण्यांबद्दल एका म्हाताऱ्याला विचारलं की हे कुणी खोदलं, तर म्हातारा म्हणाला, संत जोसाफातच्या बापाने, मुलाला कोंडून ठेवायला. कूतोनेही लिहून ठेवलंय की जोसाफात म्हणजे हे लोक ज्याला बुद्ध म्हणतात तोच असेल.

अष्टागर
म्हणजे बुद्धाच्या लेण्यात बसून त्याला बुद्धाचीच गोष्ट ख्रिस्ती नावाने परत सांगितली. बोरिवलीत.

शब्दवेडी
ठिपक्याचं आवडलं. खारा_दाणा, हेच सांग भाचीला, प्रत्येक पायरी दाखवता येते का ते विचार म्हणावं.

खारा_दाणा
अपडेट: भाचीला सगळा धागा वाचायला दिला. तिला विलफर्डचा पंडित सगळ्यात आवडला, आणि मनू-नोहाबद्दल म्हणाली की मग ते पेंडिंग ठेवू.
जोसाफातचं मी उत्साहाने फॅमिली ग्रुपवर टाकलं, काकांना टॅग करून. अर्ध्या तासाने काकांचा रिप्लाय आला, 'अति सुंदर माहिती 🙏'. संध्याकाळी तेच माझ्याकडे दुसऱ्या तीन ग्रुपवरून परत आलं. मधल्या पायऱ्या सगळ्या उडाल्यात, शेवटी 'हे तुम्हाला शाळेत कुणी शिकवणार नाही' जोडलंय, आणि कान्हेरीचं झालंय कार्ले.

पाटा_वरवंटा
एक ठिपका जास्त पडला रे.